जुनी जपानी क्रूझर घ्यायची आहे: कमी खर्चात, पण जीव असलेली गाडी कोणती?

मंदगती

जुनी जपानी क्रूझर घ्यायचं पक्कं झालं आहे, मॉडेल ठरत नाही. अपेक्षा अशा: 250 ते 800 सीसी, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकावेत (उंची 163 सेमी), दिवसाला 250-300 किमी शांतपणे चालवता यावी आणि घरच्या पान्यांवर निम्मी देखभाल व्हावी. वेगाची हौस नाही. पण इंजिन शिवणयंत्रासारखं एकसुरी वाजणारं नको, गाडीला स्वतःचा स्वभाव हवा.

यादीत सध्या यामाहा व्हिरागो 535 आणि ड्रॅगस्टार 650, होंडा शॅडो 600, सुझुकी सॅव्हेज 650, कावासाकी व्हल्कन 500 आणि 750. बहुतेक गाड्या पंधरा ते तीस वर्षं जुन्या असणार. कोणत्या गाडीचं दुखणं कुठे लपलेलं असतं आणि ते बघायला गेल्यावर ओळखायचं कसं, हे जाणकारांकडून हवं आहे.

टॅपेट_पॉइंट_एक

मंदगती, यादी चांगली आहे. आधी स्वभावाचं बघू, कारण तो सायलेन्सरमध्ये नसतो, क्रँकमध्ये असतो.

व्ही-ट्विनचे (V आकारात दोन सिलिंडर) दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर, म्हणजे क्रँकपिनवर बसवले की दोन स्फोटांमधलं अंतर असमान होतं. शॅडो 600 मध्ये दोन सिलिंडरांमधला कोन 52 अंशांचा आहे, म्हणजे एक स्फोट 308 अंशांनी आणि पुढचा 412 अंशांनी. यामाहाच्या 535 आणि 650 मध्ये कोन 70 अंशांचा, तिथे 290 आणि 430. हा लंगडा ठेका म्हणजेच लोक ज्याला क्रूझरचा आवाज म्हणतात तो.

होंडाकडे याचं फार बोलकं उदाहरण आहे. ट्रान्सल्प 600 आणि शॅडो 600 (जपानात स्टीड) यांचं 583 सीसी इंजिन एकाच घराण्यातलं. ट्रान्सल्पमध्ये क्रँकपिन 76 अंशांनी सरकवलेल्या आहेत, त्यामुळे थरथर जवळपास मारली जाते. शॅडोमध्ये पिन एकच ठेवली, थरथर मुद्दाम राहू दिली. शॅडो 1100 चंही तेच: मूळ गाडीत सरकवलेल्या पिना, आणि 1995 साली आलेल्या एसीई मॉडेलमध्ये ठेक्यासाठी एकच पिन. म्हणून जाहिरातीत नुसतं ‘शॅडो 1100’ लिहिलं असेल तर कोणतं मॉडेल ते विचारा, दोन्ही गाड्या चालवताना वेगळ्या लागतात.

व्हल्कन 500 हे व्ही-ट्विन नाही. ते जीपीझेड 500 च्या घराण्यातलं, पाणी खेळवून थंड होणारं पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडर) आहे: आठ व्हॉल्व्ह, सहा गिअर. क्रँक 180 अंशांची, म्हणजे स्फोट 180 आणि 540 अंशांवर. इंजिन दणकट आणि सुटे भाग भरपूर, पण ताकद वरच्या आरपीएमला. तुम्ही ज्या स्वभावाचं म्हणता तो तिथे सापडणार नाही.

वंगण

व्हल्कन 500 इतक्या लवकर बाद करू नका. घरच्या पान्यांवर देखभाल हवी असेल तर या यादीत तिच्याइतकी सोपी गाडी विरळा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) स्क्रू-लॉकनटने लावायचे, त्यामुळे शिमचे (मापाच्या चकत्यांचे) डबे लागत नाहीत. इंजिनाचं घराणं ईआर-5 पर्यंत पसरलेलं असल्यामुळे गास्केटपासून क्लच प्लेटपर्यंत सगळं मिळतं. सहावा गिअर असल्यामुळे लांबच्या रस्त्यावर इंजिन ओरडत नाही.

टॅपेट_पॉइंट_एक

वंगण, देखभालीचा मुद्दा मान्य. पण प्रश्नातली अटच स्वभावाची आहे. ती अट सोडली तर मग क्रूझर कशाला, तेच इंजिन सरळ बसायच्या गाडीत घ्यावं.

शाफ्टप्रेमी

मी मागच्या चाकाकडून सुरुवात करतो, कारण जुन्या गाडीत खर्च तिथे दडलेला असतो.

व्हिरागो 535, ड्रॅगस्टार 650, व्हल्कन 750 आणि सुझुकी इंट्रूडर 800 शाफ्टच्या, म्हणजे चेनऐवजी दांड्याने मागचं चाक फिरवणाऱ्या. शॅडो 600, व्हल्कन 500 (नंतरची एलटीडी), व्हल्कन 800 आणि सुझुकी मरॉडर 800 चेनच्या. सॅव्हेज बेल्टची.

शाफ्ट म्हणजे देखभाल शून्य, असा समज आहे. तसं नाही. मागच्या चाकाच्या ड्राइव्हला दाते असतात (स्प्लाइन), आणि दर वेळी चाक उतरवलं की ते पुसून त्यांना मॉलिब्डेनमचं ग्रीस लावावं लागतं. साधं बेअरिंगचं ग्रीस दाबाने निघून जातं. 50-60 टक्के मॉली असलेली पेस्ट हवी. टायर बदलणारी दुकानं हे काम क्वचितच करतात. दहा-पंधरा वर्षं कोरडे चाललेले दाते झिजून टोकदार होतात आणि एके दिवशी इंजिन फिरतं, चाक फिरत नाही.

विकत घेताना चाक उतरवायला कोणी देणार नाही. मग असं बघा: गाडी डबल स्टँडवर किंवा जॅकवर, पहिला गिअर टाकलेला, इंजिन बंद. मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. थोडी ढिलाई सगळ्याच शाफ्टला असते. पण ‘खट्ट’ असा धातूचा आवाज येऊन चाक बोट-दोन बोटं मोकळं फिरत असेल तर दाते किंवा युनिव्हर्सल जॉइंट गेलेला आहे. हबच्या सांध्यापाशी टॉर्च मारा. तिथे लालसर तपकिरी, पिठासारखी भुकटी दिसली तर ती कोरड्या दात्यांची गंजलेली झीज आहे. ही भुकटी दिसली की शाफ्टचा भाव वजा करूनच बोलणी करा.

फायनल ड्राइव्हचं ऑइल वेगळं असतं, 80W-90 हायपॉइड, आणि लागतं पाव लीटरपेक्षाही कमी. ते शेवटचं कधी बदललं, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा. ‘त्यात ऑइल असतं का?’ असं उत्तर आलं तर गाडीचा अर्धा इतिहास कळला.

आडवाट

सॅव्हेजबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मंदगती यांच्या अटी वाचल्यावर माझ्या मते पहिलं नाव तेच.

652 सीसी, एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं, बेल्ट ड्राइव्ह, कोरडं वजन 160 किलोच्या आसपास, सीट साधारण 700 मिमीवर. 1986 पासून जवळजवळ न बदलता बनत राहिली, नंतर बुलेव्हार्ड एस40 या नावाने. एकच कार्ब (कार्बोरेटर), एकच एक्झॉस्ट पाइप, रेडिएटर नाही. प्रत्येक स्फोट वेगळा जाणवतो. स्वभाव हवा तर याहून सरळ उत्तर नाही.

आता दुखणी. ती मोजकी आहेत, पण माहीत असायलाच हवीत.

एक, टायमिंग चेनचा टेन्शनर. चेन ताणत जाते तसा टेन्शनरचा दट्ट्या बाहेर येत राहतो. पण त्याचा प्रवास अपुरा आहे. चेन अजून वापरण्याजोगी असतानाच दट्ट्या आपल्या बाहीतून जवळजवळ पूर्ण बाहेर येतो, मग वाकडा होतो आणि निसटतो. तो निसटला की चेन सैल, आणि इंजिनाचं भवितव्य कठीण. 20-25 हजार किमीनंतर क्लचच्या बाजूचं कव्हर काढून दट्ट्या किती बाहेर आला आहे ते डोळ्यांनी बघावं लागतं. कव्हर काढायचं म्हणजे ऑइल उतरवायचं आणि नवं गास्केट बसवायचं, एवढंच. विक्रेत्याने हे काम करून घेतलं असेल आणि सुधारित टेन्शनर बसवला असेल तर त्या गाडीला थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

दोन, हेडवरचा रबरी प्लग. हेड कव्हरच्या कडेला एक अर्धगोल प्लग आहे, तो कडक झाला की तिथून ऑइल पाझरतं आणि फिन्सवर पसरतं. लोक हेड गास्केट गेलं समजून घाबरतात. भाग स्वस्त आहे, पण तिथवर पोचायला हेड कव्हर काढावं लागतं. पाझर जुना असेल तर फिन्समध्ये ऑइल आणि धुळीचा काळा थर दिसतो.

तीन, ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके. कारखान्यातूनच कार्ब जरा कमी पेट्रोल देणारा ठेवलेला आहे. कार्बच्या सुईवर एक पांढरा प्लॅस्टिकचा स्पेसर असतो. त्याच्या जागी पातळ वायसर घातल्या की सुई किंचित वर येते, मिश्रण सुधारतं. पण आधी एक्झॉस्ट पाइप हेडला मिळतो तिथलं गास्केट गळत नाही ना ते बघा, नाहीतर सुई उगाच बदलाल.

वंगण

आडवाट ताई, छान लिहिलंत. एक जोड देतो: सॅव्हेजमध्ये स्टार्टरचं बटण दाबल्यावर आधी डिकॉम्प्रेशनचा (सुरू करताना सिलिंडरमधला दाब कमी करणारा) सोलेनॉइड ओढला जातो, मग स्टार्टर फिरतो. म्हणून बटण दाबल्यावर क्षणभर काही होत नाही, ते बरोबर आहे. पण त्याची केबल चुकीची ॲडजस्ट झालेली असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि जळतो. केबलला थोडी ढिलाई हवीच.

याच कारणासाठी सॅव्हेजचं कॉम्प्रेशन गेज लावून मोजलं तर आकडा कमी दिसतो. इंजिन खराब आहे असं लगेच समजू नका.

लांबपल्ला

दिवसाला 300 किमी एका सिलिंडरवर? महामार्गाच्या वेगाला सॅव्हेजची थरथर हातात आणि पायात येते. टाकीही लहान. मंदगती, तुमचा रस्ता घाटाचा आणि गावोगावचा असेल तर ती उत्तम. सलग मोठा रस्ता असेल तर ड्रॅगस्टार 650.

ड्रॅगस्टार का: 649 सीसी, 70 अंशांचं व्ही-ट्विन, हवेवर थंड, शाफ्ट, 16 लीटरची टाकी. इंजिनाचा मूळ आराखडा व्हिरागो 535 चाच, वाढवलेला. ताकद साधारण 40 अश्वशक्ती, त्यात 200 किलोंहून जड गाडी, म्हणून ओव्हरटेकला आधीच जागा हेरावी लागते. पण 80-90 च्या वेगाला दिवसभर चालते. फार वर्षं बनत राहिल्यामुळे भाग आणि ॲक्सेसरी मुबलक.

त्याच घरातली ड्रॅगस्टार 1100 कुठे स्वस्तात दिसली तर लक्षात ठेवा: तिचं ऑइल फिल्टर बदलायला एक्झॉस्ट उतरवावा लागतो. त्यामुळे आळशी मालकांनी फिल्टर न बदलता नुसतं ऑइल बदललेलं असतं. एक्झॉस्टचे बोल्ट कधीच न उघडलेले, गंजून बसलेले दिसले तर काय समजायचं ते समजा.

मंदगती

सगळ्यांचे मनापासून आभार. रस्ता दोन्ही प्रकारचा आहे, जास्त करून लहान रस्ते. उंची बघता व्हिरागो 535 कशी? वजनाने ड्रॅगस्टारपेक्षा हलकी आहे असं दिसतं. आणि व्हल्कन 750 ची काही उदाहरणं फारच स्वस्त दिसतात, त्याचं कारण काय?

टॅपेट_पॉइंट_एक

व्हल्कन 750 स्वस्त का, त्याचं उत्तर एका शब्दात: स्टेटर.

बाकी गाडी नावाजण्यासारखी आहे. 749 सीसी, पाण्यावर थंड, डबल ओव्हरहेड कॅम, हायड्रॉलिक टॅपेट (म्हणजे टॅपेट सेटिंग हा विषयच नाही), शाफ्ट, अलॉय चाकं. साधारण वीस वर्षं, 2006 पर्यंत बनली. पण बॅटरी चार्ज करणारा स्टेटर बदलायचा तर इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं. स्टेटरचा भाग महाग नाही, मजुरी महाग. मालक हिशोब करतो आणि गाडी विकायला काढतो.

बॅटरी नुकतीच नवी टाकलेली दिसली की मल्टिमीटर काढा. इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास. सुरू करून आरपीएम 4000 पर्यंत नेलं की 13.8 ते 14.5. आरपीएम वाढवूनही 12 च्या घरातच घुटमळत असेल तर स्टेटरच्या तीन वायरी (बहुधा पिवळ्या) कनेक्टरपाशी सोडवा. दोन-दोनच्या तीन जोड्या होतात. इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडीत एसी व्होल्ट मोजा. तिन्ही आकडे सारखे हवेत आणि आरपीएमबरोबर वाढत 50 च्या वर जायला हवेत. एक जोडी मागे पडली तर स्टेटर गेला. मग इंजिन बंद करून प्रत्येक वायर आणि बॉडी यांत कंटिन्युइटी बघा. ती मिळता कामा नये. तिन्ही आकडे चांगले आणि तरीही चार्जिंग नाही, तर रेग्युलेटर-रेक्टिफायर, आणि तो बदलायला बोल्ट दोनच.

त्या कनेक्टरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलंय का तेही बघा. पुष्कळ वेळा स्टेटर ठणठणीत असतो आणि सैल पिनांमुळे तापून कनेक्टरच जळलेला असतो. ही चाचणी यादीतल्या सगळ्या गाड्यांना लागू.

शाफ्टप्रेमी

कावासाकीचा विषय निघालाच आहे तर: जुन्या व्हल्कन 1500 मध्ये ऑइल पंपाचा गिअर प्लॅस्टिकचा आहे. तो तुटला की ऑइलचा दाब जातो. धातूचा गिअर मिळतो, बसवलेला असेल तर बिल मागा. 800 सीसीच्या वर जायचं नाही म्हणता तेव्हा तुम्हाला लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

तसंच 1980 च्या दशकाच्या सुरुवातीच्या मोठ्या व्हिरागो, 750 आणि 920. स्टार्टरचा गिअर नीट गुंतत नाही, सुरू करताना करकर आवाज येतो. बॅटरी कमजोर असली की आणखी वाढतो. 535 वर हा ठपका नाही.

आडवाट

व्हिरागो 535 उंचीच्या हिशोबाने छानच. सीट 720 मिमी, कोरडं वजन साधारण 180 किलो, आणि वजन खाली आहे.

त्याला कारण आहे. सुरुवातीच्या 535 मध्ये पेट्रोलची खरी टाकी सीटखाली होती आणि पुढे जी टाकी दिसते ते नुसतं आवरण. पेट्रोल मावायचं साडेआठ लीटरच्या आसपास. पुढे दोन टाक्या आल्या, मिळून साधारण साडेतेरा लीटर. तुमचं अंतर बघता दोन टाक्यांचीच घ्या. ओळखायला सोपं: पुढचं झाकण उघडलं की खाली पेट्रोल दिसायला हवं.

खालची टाकी सखल असल्यामुळे पेट्रोल आपोआप कार्बपर्यंत वाहत नाही, विजेचा पंप आहे. किल्ली फिरवल्यावर त्याची टकटक ऐकू यायला हवी आणि थोड्या वेळात थांबायला हवी. थांबतच नसेल तर पंपाचा व्हॉल्व्ह गेलाय, पेट्रोल संपलंय किंवा एखाद्या कार्बची फ्लोटची सुई बसत नाही. दोन टाक्या म्हणजे गंजायला दोन जागा, हेही ध्यानात असू द्या. झाकणातून टॉर्च मारून पुढची दिसेल. खालची दिसत नाही, म्हणून पेट्रोल फिल्टरचा रंग बघा. फिल्टरमध्ये विटकरी गाळ असेल तर खालची टाकी गंजलेली.

वंगण

आता कार्बचं लिहितो. यादीतल्या सगळ्याच गाड्या कार्बच्या, आणि पडून राहिलेल्या गाडीत सगळ्यात जास्त त्रास तिथेच.

पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट राप उरतो, आणि त्यात पहिला बुजतो तो आयडलला पेट्रोल देणारा पायलट जेट. त्याचं भोक केसाएवढं. लक्षण असं: चोक ओढलेला असताना गाडी चालते, चोक सोडला की बंद पडते. विक्रेता म्हणेल, ‘थोडी गरम होऊ द्या.’ पाच मिनिटं चाललेलं इंजिन चोकशिवाय आयडलला उभं राहत नसेल तर कार्ब उतरवावे लागणार. दोन्ही कार्ब नीट उघडून जेट काढून क्लीनरमध्ये भिजवणं, हवा मारणं, फ्लोट बोलची गास्केटं नवी, हे दिवसभराचं काम. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं झालं की कायमचं बिघडलं.

उघडल्यावर व्हॅक्यूमचे काळे रबरी डायफ्रॅम उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढं छिद्रही चालत नाही, वरच्या आरपीएमला गाडी अडखळते. हा डायफ्रॅम पुष्कळदा आख्ख्या स्लाइडसकटच विकला जातो आणि महाग पडतो. कार्ब आणि हेड यांच्यामधली रबरं चिरली असतील तर कितीही साफ करा, आयडल वर-खाली होतच राहणार. चालत्या इंजिनावर त्या रबरांभोवती कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा. आरपीएम बदलला तर तिथून हवा ओढली जात आहे. एक्झॉस्ट तापलेला असेल तेव्हा हे जपून, फवारा पेट घेतो.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने बघावी. ऑइलची पातळी बघताना थेंब बोटावर घ्या आणि वास घ्या. पातळी खुणेच्या वर, ऑइल पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा वास, म्हणजे पेट्रोल इंजिनात उतरतंय. फ्लोटची सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल कॉकही गळतो, असे दोन्ही दोष एकत्र आले की हे होतं. अशा ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. सिलिंडरमध्ये पेट्रोल साठलं असेल आणि तुम्ही स्टार्टर मारलात तर रॉडही वाकू शकतो. व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असेल तर त्याची बारीक नळी कार्बच्या बाजूने उपटून बघा. नळी कोरडी हवी. आत पेट्रोल ओलं दिसलं तर कॉकचा डायफ्रॅम फाटला आहे. कॉकचा संच स्वस्त मिळतो, त्याच्याकडे दुर्लक्ष महागात जातं.

लांबपल्ला

गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन गार हवं. पोचल्यावर पहिलं काम, बोलण्याआधी, एक्झॉस्टला हाताची मागची बाजू लावा. गरम लागला तर सुरू करण्यातलं काहीतरी लपवलं जातंय, दुसऱ्या दिवशी या.

मग कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंगं. पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला अगदी हळू फिरवा. सरळ दिशेला आल्यावर ते हलकेच अडकत असेल तर बेअरिंगच्या रेसला खड्डे पडलेत. रस्त्यावर गाडी डुलत राहते. भाग स्वस्त, मजुरी बऱ्यापैकी.

पुढचे शॉक चार-पाच वेळा जोरात दाबा आणि नळ्यांवर बोट फिरवा. ऑइलची रेघ म्हणजे सील गेलं. नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकत नाही, नळी बदलावी लागते.

रस्त्यावर: वरच्या गिअरमध्ये 60 च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तेवढा चढला नाही तर क्लच घसरतोय. प्लेट बदलण्याआधी कोणतं ऑइल घातलंय ते विचारा. चारचाकी गाड्यांचं, घर्षण कमी करणारं ऑइल ओल्या क्लचला चालत नाही. डब्यावर JASO हे जपानी मानक आणि एमए अशी खूण हवी. दुसऱ्या गिअरमध्ये जोरात ओढून बघा, गिअर निसटत असेल तर ती गाडी सोडा, त्यासाठी इंजिन दुभंगावं लागतं.

टॅपेट_पॉइंट_एक

लांबपल्ला, JASO देवनागरीत ‘जासो’ लिहा म्हणजे शोधणाऱ्यांनाही सापडेल. मुद्दा शंभर टक्के बरोबर.

मोडिफाय केलेल्या गाड्यांबद्दल एक पोटतिडकीने सांगतो. क्रूझर हा प्रकार असा की निम्म्या गाड्या बदललेल्या असतात. उघडे पाइप लावलेत आणि जेट मूळचेच ठेवलेत, तर इंजिन कमी पेट्रोलवर, तापलेलं चालतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ते सोसत नाही, विशेषतः मागच्या सिलिंडरला. प्लग काढून बघा: टोक पांढरंफटक असेल तर हेच झालं आहे. कोरडा फिकट तपकिरी रंग चांगला.

हेडलाइटचं डोकं उघडून वायरिंग बघा. दोन वायरी चिमटीत दाबून जोडणारे प्लॅस्टिकचे क्लिप किंवा नुसती टेप दिसली की पुढच्या पावसाळ्यात दिवे जाणार. मूळ सायलेन्सर, मूळ आरसे, मूळ सीट सोबत मिळत असतील तर तीच गाडी घ्या. अशा मालकाने बाकी गोष्टीही जपलेल्या असतात.

मंदगती

खूपच उपयोगी. सगळं वाचून दोनच राहिल्या: दोन टाक्यांची व्हिरागो 535 आणि शॅडो 600. शॅडोची चेन मला चालेल, साफ करायला कंटाळा नाही. दोन्हीत निवडायचं तर? आणि घेतल्यावर आधी काय करायचं?

शाफ्टप्रेमी

दोन्हीत जी जास्त मूळ अवस्थेत आणि कमी काळ पडून राहिलेली, ती. मॉडेलपेक्षा अवस्था मोठी. तरी फरक सांगतो: शॅडो 600 पाण्यावर थंड होते, गर्दीत सोसते, ठेका जास्त जड. पण पुष्कळ देशांत ती चारच गिअरची विकली गेली, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर आणखी एक गिअर हवासा वाटतो. मागचा शॉक सीटखाली लपलेला, प्रवास कमी, खड्डा थेट कंबरेला. व्हिरागो वळणात चपळ, पाच गिअर, शाफ्ट. लहान रस्ते जास्त म्हणता, तर समान अवस्थेत व्हिरागो.

शॅडो घेतलीत तर चेन मागच्या स्प्रॉकेटवरून बोटाने मागे ओढून बघा. दाता निम्मा उघडा पडत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला, एकटी चेन नाही.

वंगण

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात: इंजिन ऑइल आणि फिल्टर, फायनल ड्राइव्ह ऑइल (किंवा शॅडोचं कूलंट), ब्रेक ऑइल डॉट 4, प्लग, एअर फिल्टर. मग टॅपेट, इंजिन पूर्ण गार असताना. शॅडोला इनटेक 0.15 आणि एक्झॉस्ट 0.20 मिमी. व्हिरागोचे आकडे तिच्या वर्षाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, म्हणून ‘इंजिन शांत आहे’ यावर विसंबू नका. घट्ट राहिलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, सैल नुसता टकटकतो.

टॅपेटनंतरच कार्ब सिंक करा (दोन्हींची ओढ सारखी करा), उलटं नाही. व्हॅक्यूम गेजवर दोन सिलिंडरांमधला फरक 10 मिमी पाऱ्याच्या आत आला की आयडलची हादराहादरी आपोआप जाते.

आडवाट

टायर विसरू नका. बाजूला कारखान्याच्या अक्षरांनंतर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. क्रूझर कमी चालतात, त्यामुळे नक्षी भरपूर दिसते आणि रबर दगड झालेलं असतं. नख रुतत नसेल, खाचांच्या तळाशी चिरा असतील, तर नक्षीकडे बघू नका. दहा वर्षांच्या पुढचे टायर बदललेच पाहिजेत.

खर्चाचा अंदाज साइजवरून येतो. व्हिरागो 535 ला पुढे 3.00-19, मागे 140/90-15. शॅडो 600 ला पुढे 100/90-19, मागे 170/80-15. शॅडोचा मागचा टायर रुंद, म्हणून महाग. दोन्हींची पुढची चाकं साधारण आऱ्यांची, म्हणजे ट्यूब आणि रिम टेपही नवी घ्या. आणि व्हिरागोचं मागचं चाक त्या निमित्ताने उतरेल तेव्हा दुकानात मॉलीची पेस्ट स्वतः घेऊन जा, दाते पुसून तुमच्यासमोर लावून घ्या.

मंदगती

पेस्ट, फिलर गेज आणि मल्टिमीटर आधी घेतो. रविवारी एक 535 बघायला जातोय, इंजिन गार ठेवायला सांगितलं आहे. जाहिरातीतल्या फोटोत पाइप मूळचे दिसतात. पंपाची टकटक, फिल्टरचा रंग आणि चार्जिंगचे आकडे इथेच लिहितो.